बाळपणीचं रक्त

काचेची छोटी नळी, तिच्यात दोन मिलीलिटर औषधी द्रावण आणि बोटाला टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब. पाच मिनिटं थांबायचं आणि मग काळ्या रेघा छापलेलं पांढरं कार्ड नळीच्या मागे धरायचं. रेघा आरपार दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. याला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. मी ती पहिल्यांदा पाहिली चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरच्या एका आश्रमशाळेत. व्हरांड्यात बाक टाकून तपासणी चालली होती. सातवीतली एक मुलगी आपलीच नळी निरखून पाहत म्हणाली, “सर, रेघा दिसून नाही राहिल्या.” तंत्रज्ञ शांतपणे म्हणाला, “काही नाही बाळा, तुझं रक्त अजून एकदा घ्यावं लागेल. मोठ्या मशीनवर तपासू.” तो तसं म्हणाला ते मला बरं वाटलं, कारण ही चाचणी फक्त एवढंच सांगते की रक्तात सिकलसेल या आनुवंशिक आजाराचं हिमोग्लोबिन आहे. ते थोडं आहे की बहुतेक सगळंच तसं आहे, हे तिला सांगता येत नाही. आणि त्या मुलीचं पुढचं आयुष्य नेमकं त्यावर अवलंबून असतं.

त्या नळीत गढूळपणा का येतो, इथपासून सुरुवात केली की २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला सिकलसेलवरचा जनुक-संपादनाचा उपचार नीट कळतो. बातम्यांत त्याचं वर्णन ‘शास्त्रज्ञांनी बिघडलेलं जनुक दुरुस्त केलं’ असं आलं होतं. ते बरोबर नाही. बिघडलेल्या जनुकाला या उपचारात कुणी हातही लावलेला नाही, आणि गंमत तिथेच आहे.

नळीतलं द्रावण दोन कामं करतं. ते लाल पेशी फोडून आतलं हिमोग्लोबिन बाहेर काढतं आणि त्या हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन हिरावून घेतं. साधं हिमोग्लोबिन ऑक्सिजन गेला तरी विरघळलेलंच राहतं. सिकलसेलचं हिमोग्लोबिन मात्र ऑक्सिजन जाताच एकमेकांना चिकटायला लागतं, त्याचे लांब धागे होतात आणि द्रावण गढूळतं. शरीरात हेच घडतं, फक्त नळीऐवजी पेशीच्या आत.

एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. तिच्यातलं सहावं तेवढं बदललेलं असतं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. जनुकाच्या भाषेत एका अक्षराची चूक, जीएजीच्या जागी जीटीजी. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं, व्हॅलिनचा स्वभाव तेलकट, पाण्यापासून तोंड लपवणारा. आपल्या झबल्याला किंवा ब्लाऊजला टिचबटण असतं ना, एका पट्टीवर उंचवटा आणि दुसऱ्या पट्टीवर खोलगा, तसा हा व्हॅलिन उंचवटा होऊन बसतो. शेजारच्या रेणूवर त्याला बसेल असा खोलगा असतो, पण ऑक्सिजन सोडल्यावरच तो उघडा पडतो. फुफ्फुसातून ऑक्सिजन घेऊन निघालेलं रक्त ठीक असतं. गुडघ्याला, बरगडीला, पाठीच्या मणक्याला ऑक्सिजन देऊन झाला की टिचबटणं पटापट लागायला लागतात. माळ वाढत जाते, पेशी आतून ताणली जाते आणि गोल चकतीची विळ्यासारखी वाकडी होते. फुफ्फुसात परत गेल्यावर ती पुन्हा गोल होऊ शकते, पण असं किती वेळा वाकायचं आणि सरळ व्हायचं? शेवटी ती वाकडीच राहते. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळसर.

वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यांच्या मागे वाहतूक तुंबते, पुढच्या हाडाला, स्नायूला रक्त मिळत नाही, आणि मग जे दुखतं त्याला दवाखान्यात ‘क्रायसिस’ म्हणतात. विदर्भात पेशंटच्या घरचेही हाच शब्द वापरतात. “तिला क्रायसिस आला, नेलं मेडिकलला.” थंडी वाजली, पाणी कमी प्यायलं गेलं, ताप आला, फार धावपळ झाली की तो येतो. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून शाळेत ‘नाटक करते’ असं ऐकावं लागतं. वर्षानुवर्षं अशी लहान लहान तुंबणं होत प्लीहा निकामी होते, कधी मेंदूत तुंबून लहान मुलाला पक्षाघात होतो, कधी तरुण वयात खुब्याचं हाड झिजून जातं.

वैद्यकशास्त्राच्या वहीत या पेशी पहिल्यांदा नोंदल्या गेल्या १९१० साली, शिकागोत. जेम्स हेरिक या डॉक्टरने ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन केलं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखादा आजार म्हणजे एका रेणूचा बिघाड, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. १९५६-५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदलतं ते शोधलं. म्हणजे माणसाच्या आनुवंशिक आजारांपैकी ज्याचं मूळ सगळ्यात आधी रेणूपर्यंत कळलं, तो हा. आणि मूळ कळल्यावर त्यावर घाव घालायला पुढे आणखी साठ-पासष्ट वर्षं गेली. ज्यांना हा आजार होतो ती माणसं मुख्यतः आफ्रिकेतली, अमेरिकेतली कृष्णवर्णीय, भारतातली आदिवासी आणि दलित-बहुजन. विलंबाचं सगळं कारण विज्ञानात शोधू नये, असं माझं मत आहे.

हीच माणसं का, याचं मात्र स्वच्छ उत्तर आहे आणि ते डासाकडे जातं. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं की ज्याच्याकडे सिकलसेलचं एकच जनुक असतं, म्हणजे जो फक्त वाहक असतो, त्याला फाल्सिपेरम हा घातक मलेरियाही सहसा जिवावर बेतत नाही. जिथे हजारो वर्षं मलेरियाने लहान मुलं नेली तिथे हे एक चुकलेलं अक्षर टिकलं, कारण ते वाचवत होतं. महाराष्ट्रात मलेरिया म्हटलं की आधी गडचिरोली आठवतं. सिकलसेल म्हटलं तरी गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, अमरावतीचं मेळघाट, सातपुड्यात नंदुरबार. नकाशे एकमेकांवर पडतात ते उगाच नाही. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये.

आता ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांच्यातला फरक, कारण गावात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आई आणि बाप दोघांकडून एकेक जनुक येतं. एक चांगलं (ए), एक सिकलचं (एस) असेल तर तो ‘एएस पॅटर्न’, म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, औषध लागत नाही, तो शेतात राबतो, पोलीस भरतीला धावतो. दोन्ही सिकलची असतील तर ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक बाळंतपणात, पुन्हा पहिल्यापासून. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन ठीक निघतील असा हिशेब नसतो. नाणं मागची फेक लक्षात ठेवत नाही. आणि वाहकाचं लग्न ज्याच्याकडे सिकलचं जनुकच नाही अशा माणसाशी झालं तर एकही मूल एसएस होत नाही. इतकं साधं असूनही ‘तिला सिकल आहे’ एवढ्यावर एएस मुलींची स्थळं मोडतात. मुलाची तपासणी झालीय का, हे विचारायचं राहूनच जातं. लग्नाआधी कुंडलीऐवजी रक्तपत्रिका पाहा, ही घोषणा चांगली आहे, फक्त ती दोघांची पाहा.

त्या आश्रमशाळेतल्या मुलीचं रक्त पुढे एचपीएलसी मशीनवर गेलं. त्यातून जो कागद येतो त्यावर हिमोग्लोबिनचे प्रकार टक्क्यांत छापलेले असतात: ए, ए-टू, एस आणि एफ. शेवटचा ‘एफ’ लक्षात ठेवा. सगळी कहाणी त्या रकान्याची आहे.

सिकलसेल जन्मापासून अंगात असतो, पण जन्मतः त्रास देत नाही. बाळ चार-सहा महिने अगदी गुटगुटीत असतं. मग एक दिवस त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात. पुरीसारखे टम्म. टोपडं-मोजे घालताना हात धरला तरी ते किंचाळतं. घरात कुणी म्हणतं डास चावला, कुणी म्हणतं नजर लागली, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते. ती सूज म्हणजे या आजाराची पहिली दारावरची थाप असते. पण जनुक तर गर्भातच चुकलेलं होतं. मग सहा महिने आजार कुठे होता?

१९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी हाच प्रश्न विचारला. नवजात बाळांच्या रक्तात विळे फारच कमी सापडतात हे त्यांनी पाहिलं आणि अंदाज बांधला, की बाळाच्या रक्तात जन्मापूर्वीचं वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि तेच त्याला सांभाळत असावं. अंदाज तंतोतंत खरा निघाला.

गर्भाला स्वतःच्या फुफ्फुसांनी श्वास घेता येत नाही. त्याला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यावा लागतो. दोघांचं हिमोग्लोबिन सारख्याच ताकदीचं असेल तर ओढाओढीत बाळाला काय मिळणार? म्हणून निसर्गाने बाळाला जास्त पकड असलेलं हिमोग्लोबिन दिलंय, त्याचं नाव ‘एफ’. त्यात बीटा साखळी नसते, तिच्या जागी गॅमा नावाची साखळी असते. बीटाच नाही तर बीटाची चूकही नाही. शिवाय गॅमाची घडण अशी आहे की ती टिचबटणांच्या माळेत बसत नाही. एस रेणूंच्या गर्दीत एफ पुरेसं असेल तर माळ वाढायच्या आत तुटते. जन्मानंतर शरीर हळूहळू गॅमाचं काम थांबवतं आणि बीटाचं सुरू करतं. साधारण सहा महिन्यांत अदलाबदल पुरी होते आणि प्रौढ माणसाच्या रक्तात एफ जेमतेम एक टक्का उरतं.

पण सगळ्यांमध्ये नाही. सौदी अरेबियाच्या पूर्व भागात डॉक्टरांना असे एसएस रुग्ण भेटले ज्यांना फारसा त्रास नव्हता. त्यांच्या रक्तात मोठेपणीही भरपूर एफ होतं. ओडिशातही तेच दिसलं. भारतातल्या रुग्णांमध्ये एकूणच आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा एफ जास्त आढळतं. त्यावरून ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ असा एक समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. नागपूरकडच्या बालरोगतज्ज्ञांनी पाहिलेली मुलं वारंवार क्रायसिस घेऊन वॉर्डात येणारी होती. त्यांना ‘सौम्य’ म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

तरी धागा हाती आला होता: बाळपणीचं रक्त परत आणता आलं तर आजार आवरता येईल. गॅमाचं जनुक कुठे गेलेलं नसतं. ते प्रत्येकाच्या पेशीत जागच्या जागी असतं, फक्त त्याचा आवाज दाबलेला असतो. दाबतो कोण?

याचं उत्तर २००७-०८ च्या सुमारास मिळालं. हजारो माणसांचे जनुकसंच तपासून, ज्यांच्यात एफ थोडं जास्त आहे त्यांच्यात नेमकं काय वेगळं आहे हे शोधलं गेलं. बोट एका अनपेक्षित जागी पडलं: दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं बीसीएल-इलेव्हन-ए नावाचं जनुक. हिमोग्लोबिनचं बीटा जनुक तर अकराव्या गुणसूत्रावर, म्हणजे दुसऱ्याच गावात. बॉस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी २००८ साली दाखवलं की हे जनुकच गॅमाचं तोंड बंद ठेवतं. ते कमी केलं की गॅमा पुन्हा बोलू लागतं.

मग ते जनुकच काढून टाकावं? तसं करता येत नाही. मेंदूच्या वाढीला आणि रोगप्रतिकारक पेशींना ते हवं असतं. घरातल्या एका खोलीतला दिवा बंद करायचा म्हणून कुणी मेन स्विच खाली ओढत नाही. तर २०१३ साली त्या एका खोलीचं बटण सापडलं. जनुकाच्या आतच डीएनएचा असा एक छोटा तुकडा आहे की जो फक्त लाल पेशी घडवणाऱ्या पेशींमध्येच या जनुकाला चालू ठेवतो. तो मोडला की लाल पेशींपुरतं बीसीएल-इलेव्हन-ए मंदावतं, बाकी शरीराला कळतही नाही.

आता गरज होती डीएनएच्या ३०० कोटी अक्षरांतून नेमकी ती जागा गाठून मोडणाऱ्या हत्याराची. ते जिवाणूंनी कधीच बनवून ठेवलं होतं.

जिवाणूंनाही विषाणूंचा त्रास असतो. विषाणूच्या एका हल्ल्यातून जो जिवाणू वाचतो तो त्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएत चिकटवून ठेवतो, पोलीस ठाण्यात फरार आरोपींचे फोटो लावतात तसा. तोच विषाणू परत आला की जिवाणूचं एक प्रथिन तो फोटो हातात घेऊन फिरतं आणि जुळणी झाली की डीएनए कापतं. ओसाकात १९८७ साली हे फोटो पहिल्यांदा दिसले, पण ते कशाचे हे कळलं नाही. स्पेनमधला फ्रान्सिस्को मोहिका मिठागरातल्या सूक्ष्मजीवांवर काम करत वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागला. २००७ साली दही-चीजची विरजणं बनवणाऱ्या कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की जिवाणू याच्याच जोरावर विषाणूंपासून वाचतात. विरजण बिघडू नये ही त्यांची चिंता होती, माणसाचे आजार डोक्यातही नव्हते. २०१२ साली इमॅन्युएल शार्पेंटिये आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवलं की आपल्याला हवा तो फोटो त्या प्रथिनाच्या हातात देता येतो. हे क्रिस्पर. २०२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल दोघींना मिळालं.

तो ‘फोटो’ म्हणजे आरएनएचा तुकडा, त्यातली २० अक्षरं पत्त्याची. चार अक्षरांतून वीस अक्षरी पत्ते एक लाख कोटींहून जास्त बनतात आणि आपल्या डीएनएत अक्षरं ३०० कोटी, त्यामुळे नीट निवडलेला पत्ता सहसा एकाच घराचा निघतो. ‘सहसा’ हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. मिळत्याजुळत्या पत्त्यावर कात्री चुकून चालू शकते, आणि म्हणूनच उपचार घेतलेल्या रुग्णांवर पुढची पंधरा वर्षं लक्ष ठेवायचं ठरलं आहे.

कापल्यावर पेशी घाईघाईने टोकं जोडते आणि जोडताना एक-दोन अक्षरं इकडची तिकडे करते. एरवी ही चूक नको असते, इथे तीच हवी आहे. बटण तेवढ्याने मोडतं. म्हणजे हा उपचार काय करतो? गॅमाला गप्प करणाऱ्याला गप्प करतो. एस बनवणारं चुकीचं अक्षर रुग्णाच्या प्रत्येक पेशीत जसंच्या तसं राहतं. आणि म्हणूनच उपचार झालेल्या माणसाच्या मुलांना ते वारशाने मिळू शकतं.

अमेरिकेत हा उपचार घेणारी पहिली सिकलसेल रुग्ण मिसिसिपीची व्हिक्टोरिया ग्रे, चार मुलांची आई, तेव्हा ३४ वर्षांची. जुलै २०१९ मध्ये नॅशव्हिलच्या रुग्णालयात तिला तिच्याच संपादित पेशी परत दिल्या गेल्या. बातमीत हे एका वाक्यात येतं, पण वाट लांबलचक आहे. आधी इंजेक्शन देऊन बोन मॅरोतल्या, रक्त घडवणाऱ्या मूलपेशी रक्तात उतरवतात. मग माणूस तासन् तास मशीनला जोडून पडतो, एका बाजूने रक्त बाहेर, मूलपेशी वेगळ्या काढून उरलेलं रक्त दुसऱ्या बाजूने आत. पुरेशा पेशी मिळेपर्यंत हे पुन्हा पुन्हा. पेशी कारखान्यात जातात, तिथे संपादन, तपासण्या, यात सहा महिनेही लागू शकतात. परत आल्या की आधी बुसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने शरीरातला जुना बोन मॅरो पुसून टाकतात, नव्या पेशींना जागा हवी म्हणून. केस जातात, तोंड आतून सोलवटतं, प्रतिकारशक्ती शून्यावर येते, पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. मग संपादित पेशी सलाईनसारख्या चढवतात आणि त्या रुजेपर्यंत महिना-दीड महिना दवाखान्यातली बंद खोली. ‘एका इंजेक्शनने सिकलसेल बरा’ असं व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

निकाल मात्र तसाच घसघशीत. चाचणीतल्या ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता, त्यांच्यापैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने एकही गंभीर क्रायसिस आला नाही. त्यांच्या रक्तात एफ साधारण चाळीस टक्क्यांवर जाऊन टिकलं. ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी बारा वर्षं आणि त्यावरील रुग्णांसाठी मंजुरी दिली. औषधाचं नाव कॅसजेव्ही. क्रिस्परवर आधारलेला जगातला हा पहिला मंजूर उपचार. किंमत एका रुग्णाला २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये, रुग्णालयाचा खर्च वेगळा.

१८ कोटी म्हटल्यावर गडचिरोलीच्या दृष्टीने विषय संपतो असं वाटतं. पण दोन गोष्टी आहेत. पहिली, हेच तंत्र स्वस्तात बनवायचा प्रयत्न इथेही चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या (सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या) संस्थेने वेगळ्या जिवाणूपासून घेतलेलं, पत्ता जास्त काटेकोरपणे ओळखणारं कापणारं प्रथिन तयार केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलसेलसाठीच्या देशी क्रिस्पर उपचाराची घोषणा झाली, बिरसा मुंडांच्या नावावरून त्याला ‘बिरसा १०१’ म्हटलं गेलं आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचं ठरलं. रुग्णांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत, त्यामुळे आत्ताच ढोल वाजवू नयेत. किंमत उतरली तरी बुसल्फान आणि बंद खोली यातून सुटका नाही. ती सुटका व्हायची तर संपादन शरीराच्या आत, साध्या सलाईनमधून व्हायला हवं. २०२५ साली फिलाडेल्फियात यकृताचा दुर्मीळ आजार असलेल्या एका तान्ह्या बाळासाठी सहा महिन्यांत खास तसं औषध बनवून दिलं गेलं. यकृत गाठणं तुलनेने सोपं असतं, बोन मॅरो अवघड.

दुसरी गोष्ट जुनी आणि स्वस्त आहे, म्हणून तिची बातमी होत नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल. मुळात रक्ताच्या कर्करोगावरची. ती रोज घेतली की एफ वाढतं. तेच बाळपणीचं रक्त, जनुकाला हात न लावता. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तिने क्रायसिस जवळजवळ निम्म्यावर आणले. नागपुरात लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात कमी, ठरावीक डोसही उपयोगी पडला. सगळ्यांनाच ती सारखी लागू पडत नाही, अधूनमधून रक्ततपासणी करून पेशी मोजाव्या लागतात, गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावं लागतं. पण औषधाला तीसेक वर्षांची पारख आहे. याउलट २०१९ साली मोठ्या अपेक्षेने आलेलं व्हॉक्सेलोटॉर हे नवं महागडं औषध सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच जगभरातून मागे घेतलं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, आदिवासी भागातल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. तपासण्या होतात, निकालाची रंगीत कार्डं वाटली जातात. माझी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. एका सरकारी दवाखान्यात मी स्वतः ऐकलेलं वाक्य: “कॅप्सूल संपल्या, पुढच्या महिन्यात या.” रोज घ्यायच्या औषधाला पुढचा महिना नसतो.

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत, एसएस. लहानपणी दर हिवाळ्यात वॉर्डात असायच्या. आता बारा वर्षं रात्री जेवणानंतर कॅप्सूल, टेबलावर पाण्याची मोठी बाटली आणि डिसेंबरात वर्गातही पायात लोकरी मोजे. वर्षातून एकदा एचपीएलसीचा कागद येतो. त्या बाकीचं काही न वाचता आधी एफच्या रकान्यावर बोट ठेवतात. परवा मला फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं: “सर, एफ २१. मागच्या साली १७ होता.”